साडूंच्या मेंदूची दुरुस्ती

माझ्या थोरल्या साडूंइतकं वेळेवर चालणारं नाशिक जिल्ह्यात दुसरं काही झालं नाही, आणि यात मी एसटीही धरतो. तीस वर्षं ते बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारत होते. ती सवय बाहेरही सुटली नाही. माझ्या लग्नात त्यांनी भटजींच्या हातून माइक घेऊन, 'मुहूर्त चार मिनिटं उशिराने धावत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत,' असं जाहीर केलं होतं. सासरे त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत. अबोला सुटला ती तारीख साडूंनी लिहून ठेवली आहे.

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि शब्दही गेले. राहिली ती गावांची नावं. चहा हवा असला की ते 'नामपूर' म्हणत, आणि 'सुरगाणा' म्हटलं की ताई, म्हणजे त्यांची बायको, त्यांना घाईने बाथरूमकडे नेत. मी एकदा गफलत केली. चहासाठी बसलेल्या माणसाला थेट बाथरूममध्ये नेऊन उभं केलं. चुकीच्या फलाटावर गाडी लावणाऱ्या ड्रायव्हरकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

मग त्यांच्या मुलाने मोबाइलवर जाहिरात पाहिली: कमरेच्या हाडातून मूलपेशी काढून टोचायच्या, की मेंदू पुन्हा नवा. आम्ही मोठ्या शहरातल्या त्या क्लिनिकला गेलो. साडूंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर रंगीत मेंदू फिरवून दाखवला आणि ते म्हणाले, "काका भाषण ठोकतील, भाषण!"

साडूंनी डाव्या हाताने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

"कधी, असं विचारतायत," ताई म्हणाल्या.

"ते प्रत्येकाचं वेगवेगळं असतं."

बोट घड्याळावरच राहिलं.

"होईल हे तरी नक्की ना, असं विचारतायत."

डॉक्टर फाइल चाळू लागले. साडू उठले. परतताना आम्ही घोटीला चहाला थांबलो. तिथे साडू रडले. चहा आला तेव्हा थांबले.

नाशिकच्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र सरळ सांगितलं, "संशोधन खरं आहे हो, काका. पण पक्षाघातासाठी ते अजून चाचण्यांतच आहे. सिद्ध झालं की मीच फोन करीन. तोवर व्यायाम आणि बोलण्याचा सराव." साडूंना हे पटलं. उशिराची घोषणा खरी असली तर त्यांची तक्रार नसते.

तेव्हापासून सकाळी दहाच्या ठोक्याला ते सरावाला बसतात. शिकवणाऱ्या बाई चित्रं दाखवतात: कप, कंगवा, छत्री. एकदा छत्रीचं चित्र समोर असताना साडूंनी मागे उभ्या असलेल्या ताईंकडे पाहिलं आणि स्वच्छ म्हणाले, "शालिनी." लग्नातल्या उखाण्यानंतर हे नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं होतं.

"इश्श! बाईंसमोर काय हे!" म्हणत ताई स्वयंपाकघरात गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

परवा मी साडूंना मूलपेशींवरची बातमी वाचून दाखवत होतो. त्यांचा उजवा हात माझ्या हातात होता. वाचता वाचता त्यांची करंगळी हलली, असं मला वाटलं. मी मान वर केली. ते खिडकीबाहेर बघत होते.

डॉक्टरीणबाईंना मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की त्या तपासून बघतील.