माळ्यावरचा सवाल

वरंध घाटात एसटी वळणांवर हेलकावे खाऊ लागली तेव्हा मी सुदामला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या. हा माणूस मेल्यावरही मला फरफटत नेत होता.

सुदाम पोलादपूरजवळच्या कापड्याचा. मुंबईत आम्ही एका खोलीत बरीच वर्षं काढली. तिथे त्याला हिपहॉपचं वेड लागलं आणि त्याने मराठी रॅपची एक कॅसेट भरली. दुसऱ्या बाजूवर मी जवाब द्यायचा, असं ठरलं होतं. मी ‘करतो, करतो’ म्हणत राहिलो आणि ती बाजू कोरीच राहिली. माझी प्रत घर बदलताना हरवली. गेल्या वर्षी सुदाम गेला. महाडच्या एका दुकानात असल्या कॅसेटी अजून आहेत, असं कुणीतरी सांगितलं आणि मी भोरहून एसटी धरली.

दुकान बाजारपेठेमागच्या गल्लीत सापडलं. भिंतीला नवा रंग होता, पण डोक्याच्याही वर पुराच्या पाण्याची रेघ तशीच ठेवलेली. मालकीण नंदाताई, साठीच्या, कापसाने एक तबकडी पुसत बसल्या होत्या.

“हिपहॉप?” त्यांनी मला नीट न्याहाळलं. “वर माळ्यावर, शक्ती-तुऱ्याच्या खणात बघा.”

शक्ती-तुरा (दोन पक्षांनी गाण्यातून सवाल-जवाब करायचा कोकणातला सामना) आणि हिपहॉप एकत्र कसे, असं मी विचारलं.

“याने सवाल टाकायचा, त्याने फेडायचा. दोन्हीकडं तेच हाय. मग खण कशाला वेगळा?”

मी शिडी लावून चढलो. जवळच्याच एका गावच्या खलाशाने बोटीवरून आणलेल्या परदेशी रॅपच्या तबकड्या होत्या, मुंबईच्या पोरांनी घरी भरलेल्या कॅसेटी होत्या. खपत नाही म्हणून हा माल माळ्यावर टाकलेला. पुरात भजनं आणि लग्नाची गाणी वाहून गेली, हा तेवढा वाचला. तळाशी सुदामचं वाकडंतिकडं अक्षर दिसलं आणि मी ती कॅसेट वरूनच नंदाताईंना दाखवली.

“ती विकायची नाय,” खालून नंदाताई म्हणाल्या. “शेवटची हाय. सासऱ्यांपासूनची रीत हाय आमची. सामन्याआधी लोक इथं येऊन समोरच्याचा सवाल ऐकायचे, मग जवाब बांधायचे. सवालच गावाबाहेर गेला तर जवाब देणार कोण?”

मला राग आला. हवे तेवढे पैसे देतो म्हटलं, तर त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेवटी खरं काय ते सांगितलं. सुदाम लाजायचा, त्याच्या आईने हे कधीच ऐकलेलं नव्हतं, तिला ऐकवायचं होतं.

नंदाताईंनी आपला टेपरेकॉर्डर पिशवीत घातला. “आधी नाय का सांगायचं? ऐकवा, आणि परत आणा.”

कापड्याला भात कापून झालेल्या शेतांत वाल शेंगांवर आला होता. सुदामची आई ओटीवर शेंगा सोलत होती. तिने माझ्यापुढे तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी ठेवली. मग मी कॅसेट लावली.

सुदामच्या त्या सुसाट बोलण्यातलं तिला निम्मंही कळलं नसावं. पण शेवटी तो सावकाश म्हणाला, “आई, भात जास्त टाक, शनवारी येतोय.” तिचे हात थांबले.

“दुसऱ्या बाजूला काय हाय रे?”

“काय नाय, काकू. माझा जवाब राहिला.”

“मग लाव. मी देते.”

मी कॅसेट उलटून रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. ती टेपच्या अगदी जवळ सरकली. “सुदाम, दर शनवारी भात जास्तच टाकला रे. तू नाय आलास तरी टाकला. अजून टाकते.”

मला तिथे बसवेना. मी परसात जाऊन उगीचच तोंड धुतलं.

संध्याकाळी महाडला नंदाताईंनी दोन्ही बाजू ऐकल्या. कॅसेटवर पेनाने ‘जवाब : आई’ असं लिहिलं आणि शिडी चढून ती पुन्हा पुराच्या रेघेच्या वर ठेवली.

“आणि तुमचा?” त्यांनी विचारलं.

मी एक कोरी कॅसेट विकत घेतली. परतीची एसटी घाट चढू लागली तेव्हा वर्षानुवर्षं न सुचलेली पहिली ओळ सुचली : काकू, भात जास्त टाका, शनवारी मी येतोय.