विश्रांतवाडी व्हाया खडकवासला

परवाच्या शनिवारी आमच्या सासूबाई कर्वेनगर सोडून विश्रांतवाडीला राहायला गेल्या... म्हणजे माझ्याकडून माझ्या धाकट्या जावेकडे. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि आईंचे गुडघे आता जिना बघूनच कुरकुरतात. पल्लवीचा नवा फ्लॅट तळमजल्यावर. कारण अगदी पटण्यासारखं होतं, म्हणून तर जास्त राग येत होता.

मैत्रिणींनी माझं अभिनंदन केलं. एक तर म्हणाली, चला, सुंठीवाचून खोकला गेला. मी हसले, पण खरं सांगू? नुसता जळफळाट चालला होता माझा. सासू गेली म्हणून जळणारी सून पाहिली नसेल, तर ही पाहून घ्या.

टेम्पो पल्लवीच चालवत होती. तिच्या माहेरी टेम्पोचाच धंदा, त्यामुळे बाईसाहेब लग्नाआधीपासून तरबेज. मला अजून स्कूटरवर मागे कुणी बसलं की घाम फुटतो, पण तो विषय राहू दे. मागे आईंचं कपाट, खाट, शिलाई मशीन आणि लोणच्याच्या बरण्या... पुढे आम्ही तिघी. खिडकीत आई, मधे गिअरपासून गुडघे वाचवत मी. नवरे दोघं घर उघडायला स्कूटरवरून पुढे गेलेले.

आता गोची अशी, की आमच्या सोसायटीत सामान हलवायचं ते सकाळी नऊच्या आत, हा सेक्रेटरींचा नियम. आणि साडेदहापर्यंत राहुकाळ, त्यात नव्या घरात पाऊल टाकायचं नाही, हा आईंचा नियम. भरलेला टेम्पो घेऊन मधल्या वेळात उभं कुठे राहायचं?

पल्लवी म्हणाली, "अगं आई, एक चक्कर मारून येऊ या. कुठे जावंसं वाटतंय तुला?"

अगं आई. मी इतकी वर्षं 'अहो आई' म्हणतेय आणि ही पहिल्या दिवसापासून अगं-तुगं. वर आईंना ते आवडतं.

आईंनी क्षणाचाही विचार न करता खडकवासला सांगितलं. विश्रांतवाडी शहराच्या एका टोकाला, खडकवासला बरोब्बर दुसऱ्या... पण विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन दोघी सहलीला तयार. जाताना उत्तमनगरवरून जायचं, तिकडे झाडी आहे, येताना सिंहगड रोड, असा सगळा बेत आईंनी बसल्या जागी आखला. पल्लवीने मोबाइलवर मॅप लावला, तर आईंनी त्यातल्या बोलणाऱ्या बाईला गप्प करायला लावलं. रस्ता मी सांगते म्हणाल्या.

धरणाशी गार वारा सुटला होता. समोर पाणी, मागे सिंहगड... आणि आईंनी चक्क गाडीवरचं कणीस मागवलं. तिखट, मीठ, लिंबू लावून. माझ्याकडे असताना बाहेरचं म्हटलं की यांचं पोट बिघडायचं. इथे पोटाला काही नाही, दुखत होतं ते माझ्याच पोटात.

दोघींचे सेल्फी झाले. सेल्फीत नीट येईनात, तेव्हा फोटो काढायला अर्थातच मी. आई इतक्या खळखळून हसत होत्या, की मला वाटलं, चला, या तर आत्ताच पोचल्या तिकडे. आपला विषय संपला.

येताना ठरल्याप्रमाणे सिंहगड रोड. आई पल्लवीला गणपतीतल्या फसलेल्या मोदकांची गोष्ट सांगत होत्या. ते मोदक माझ्यासोबत फसले होते हो... पण असो.

राजाराम पुलाशी आलो आणि आई सहज म्हणाल्या, इथून डावीकडे घे. पल्लवीने घेतलं. तिला विश्रांतवाडी, धानोरी तोंडपाठ, पण नदीच्या या बाजूला ती पाहुणीच. मला मात्र लख्ख कळलं. विश्रांतवाडीला सरळ जायला हवं होतं. डावीकडे म्हणजे कर्वेनगर... म्हणजे आमचं घर.

शब्द ओठांपर्यंत आला होता. मी तो गिळला. पुढचं वळणही आईंनी सांगितलं, त्याच्या पुढचंही. मी समोरच्या काचेतून बघत बसले, जशी काही मी या गावचीच नाही.

टेम्पो आमच्या गेटसमोर थांबला. खाली सेक्रेटरी झाडांना पाणी घालत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, सामानाकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, की परत वर चढवायचं असेल तर तेही नऊच्या आतच, म्हणजे आता उद्या.

पल्लवीचा चेहरा पडला. "अगं आई, तुला यायचं नाहीये का माझ्याकडे?" तिचा आवाज असा आला, की मलाच कसंतरी झालं. आणि हो, थोडा आनंदही झाला. लपवत नाही.

आईंनी तिला समजावलं. यायचंय गं, इतक्या वर्षांची सवय, घर म्हटलं की तोंडातून हाच रस्ता येतो. पल्लवीने डोळे पुसले आणि टेम्पो मागे घ्यायला ती आरशात बघू लागली. तेवढ्यात आईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पूल ओलांडतानाच माझ्या लक्षात आलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "म्हटलं, बघू, मंजू टोकतेय का."

मी मान खाली घातली.

"नाही टोकलंस. टोकलं असतंस ना, तर फार वाईट वाटलं असतं मला."

मग मी जी रडायला लागले, ती थेट संगमवाडीपर्यंत. पल्लवीला वाटलं, गिअर लागला गुडघ्याला.

राहुकाळ केव्हाच टळला होता. नव्या घरात दूध उतू गेलं, चहा झाला, आईंची खाट खिडकीपाशी लागली. पल्लवीचा हेवा अजून वाटतोच, खोटं कशाला बोलू... काल आईंनी फोनवर तिच्या आमटीचं कौतुक केलं, तर मी रेंज नाही म्हणून ठेवून दिला.

पण जाणाऱ्या माणसाला, आपण जाऊ नये असं कुणाला तरी वाटतंय, एवढं बघून जायचं असतं. माझ्या तोंडून ते कधी निघालं नसतं. आईंनी ते मी न बोलताच ऐकलं... उपकार त्यांचे.