सहीआधी वाचणारे टायपिस्ट

कोर्टाच्या फाटकाबाहेर बसणाऱ्या त्या टायपिस्टचं नाव मी कधी विचारलं नाही. बायकोनं पोटगीचा दावा लावल्यापासून मी दर तारखेला बिबवेवाडीहून तिथं जायचो आणि एका जागी बसवत नसल्यामुळं त्यांच्या टेबलाभोवती येरझाऱ्या घालायचो.

"बसा, नाहीतर लांब फिरा. ओळ चुकते माझी," ते मान वर न करता म्हणायचे.

टाइप केलेला प्रत्येक कागद ते सहीआधी मोठ्यानं वाचून दाखवायचे. वकिलांना ते मुळीच आवडत नसे. माझं प्रतिज्ञापत्र वाचताना ते एका वाक्यावर थांबले : 'पत्नी शिवणाचे वर्ग चालवून पुरेसे कमावते.'

"अजून चालवतात?"

माझ्या आईच्या आजारपणात तिनं ते वर्ग बंद केले होते. "वकिलांनी सांगितलंय तसंच असू द्या," मी म्हणालो.

"असू द्या. पण शपथ तुम्ही घेताय, वकील नाही."

मी फाटकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. शेवटी म्हणालो, "काढा ते वाक्य."

त्यांनी मशीनवर नवा कागद चढवला. मी निघालो तेव्हा म्हणाले, "काल तुमच्या मिसेसनीही एक वाक्य काढायला लावलं."

"कुठलं?"

"ते त्यांना विचारा. अजून नवरा-बायकोच आहात की."

ती कर्वेनगरला माहेरी राहत होती. मी बिबवेवाडीची बस सोडून दिली आणि कर्वेनगरच्या बसमध्ये चढलो. जागा रिकामी असूनही उतरेपर्यंत उभाच होतो.