जाळ्यामागे विठाबाई

फुटबॉलचं वेड म्हटलं की आपल्याकडे कोल्हापूरचं नाव निघतं. सोलापुरात हे वेड आहे की नाही, याबद्दल सोलापूरकरांत मतभेद आहेत. बहुतेकांना मतच नाही. तरीही नवप्रकाश क्रीडा मंडळाचा सामना असला की गोलच्या जाळ्यामागे चपला काढून उभी असलेली एक बाई दिसते. वय अठ्ठावन्न, अंगाने काटकुळी, गळ्यात नाडीला बांधलेली कातर. ही विठाबाई.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ती तपासणीला आहे. मागावरून उतरलेला टॉवेल टेबलावर ओढायचा, डोळ्यांनी आणि त्याहून जास्त बोटांनी चाचपायचा, सुटलेला धागा कातरीने उडवायचा, तुटलेला लागला तर टॉवेल बाजूला टाकायचा. तिने बाजूला टाकलेला टॉवेल मालकही परत ढिगात घालत नाहीत. एकदा घातला होता. तिने तो न बोलता पुन्हा बाहेर काढला. मालकांनी तो घरी वापरायला नेला.

फुटबॉलकडे ती नवऱ्यामुळे आली. त्रिंबक नवप्रकाशचा बचावपटू होता आणि ती त्याचा डबा घेऊन मैदानावर यायची. पुढे त्रिंबकचा गुडघा गेला, तो घरी बसला आणि क्रिकेट बघू लागला. डबा घेऊन आलेली बाई मात्र तिथंच राहिली. याला बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत नवप्रकाशने एकही चषक जिंकलेला नाही. संघ हरला की विठाबाई त्या रात्री जेवत नाही. तिचं वजन का वाढत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा तपासलं. संघाचे निकाल त्यांना कुणी दाखवले नाहीत.

ती ओरडत नाही, टाळ्या वाजवत नाही, पंचाच्या घराण्याचा उद्धार करत नाही. नवप्रकाश ज्या गोलवर चाल करून जाणार, त्या गोलमागे उभी राहते. मध्यंतर झालं की चपला उचलून सगळ्या मैदानाला वळसा घालते आणि पलीकडच्या गोलमागे जाते. रेषेच्या आत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्रिंबकने एकदा विचारलं होतं, "मदनं गेलीस तर तुला काय कोण खाणार हाय का?"

"आत खेळणारी असत्यात," ती म्हणाली होती.

मंडळाची दोन जाळी तिच्याच घरी असतात, माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत. उंदीर, खिळे आणि क्वचित गोल यांनी ती फाटतात. जाळं नायलॉनचं, पण विठाबाईचा नायलॉनवर विश्वास नाही. ती कारखान्यातून मागून ताण्याचं सूत आणते, आठ पदर एकत्र वळते आणि विणकरी गाठ मारून जाळ्याचं तुटलेलं घर भरून काढते. ताण्याचं सूत म्हणजे मागावर उभं लावलेलं, दिवसभर ओढ सोसणारं, पिळदार. टॉवेलच्या अंगावर जे मऊ फासे उभे असतात त्यांचं सूत वेगळं. कमी पिळाचं, पाणी पिणारं, ओढलं की कापसासारखं सुटणारं. दिसायला दोन्ही पांढरीच. विठाबाई ती डोळे मिटून ओळखते. निदान गेल्या जानेवारीपर्यंत ओळखत होती.

गेल्या जानेवारीत नवप्रकाश शहराच्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोचला. कसा पोचला, हे खेळाडूंनाही नीट सांगता येत नाही. आदल्या संध्याकाळी विठाबाई दारात जाळं पसरून बसली होती. कोपऱ्यातली तीन घरं गेली होती. कप्तान यशपाल शेजारी येऊन बसला. हा बँकेत शिपाई आहे आणि विठाबाईला विचारल्याशिवाय बूटसुद्धा घेत नाही.

"मावशी, उद्या काय हुईल?"

"चेंडू गोल हाय. काय बी हुईल."

"आन् जिंकलो तर तू काय करशील?"

या प्रश्नाची तिला सवय नव्हती. हात थांबले. बावीस वर्षांत ही अडचण कधी आलीच नव्हती.

"जेवीन की," ती म्हणाली, आणि यशपालच्या तोंडाकडे बघत बघतच कारखान्याच्या पिशवीत हात घालून सूत गुंडाळलेला दुसरा कोन काढला. तीन घरं भरली, गाठी आवळल्या, दातांनी टोकं तोडली. काम इतकं बेमालूम झालं की जुनं कुठं संपलं आणि नवं कुठं सुरू झालं, ते कळू नये.

अंतिम सामना विजापूर वेशीकडच्या संघाशी होता. पंच प्रभुलिंग सर, शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. बालपण मागांच्या खटखटाटात गेलेलं असल्यामुळे त्यांची शिट्टी गरजेपेक्षा मोठी वाजते. त्यांनी दोन्ही जाळी ओढून पाहिली आणि मान हलवली. दोनशे माणसं जमली होती. सोलापुरात फुटबॉलला दोनशे म्हणजे लोटलेला जनसागर.

चार मिनिटं उरली तरी गोल नव्हता. तेवढ्यात यशपाल डावीकडून घुसला आणि त्याने जमिनीलगत चेंडू हाणला. वेशीचा गोलकीपर मुन्नू आडवा झाला तोवर चेंडू खांबाच्या आतल्या अंगाने गेला, जाळ्याच्या कोपऱ्यात शिरला, तिथून आरपार निघाला आणि विठाबाईच्या अनवाणी पायांपाशी येऊन थांबला.

सर तीस पावलं मागे होते. त्यांना चेंडू खांबाबाहेर पडलेला दिसला. त्यांनी गोल-किकची खूण केली. नवप्रकाशचे नऊ जण त्यांच्या अंगावर धावले आणि दोनशेजणांनी एकदम कायदा सांगायला सुरुवात केली.

साऱ्या मैदानात एकाच माणसाने सगळं नीट पाहिलं होतं. आणि ते माणूस बोललं नाही. विठाबाई खाली बसली आणि जाळं चाचपू लागली. दोष हाताला लागल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही तिची तीस वर्षांची सवय. फुटलेलं घर तिने बोटांत धरलं, सुताचं टोक चिमटीत चोळलं आणि तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात मुन्नूने चेंडू नेऊन किक मारलीसुद्धा.

पुढच्या खेपेला चेंडू रेषेबाहेर गेला तेव्हा ती उठली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने रेषेच्या आत पाऊल टाकलं आणि सरळ सरांपाशी गेली. कुणी अडवलं नाही. गोंगाटसुद्धा जरा कमी झाला.

"सर, गोल झाला हाय."

"मावशी, तुमी नवप्रकाशच्या. तुमाला सगळेच गोल दिसणार."

"मला न्हाय, सुताला बघा. समदी टोकं बाहेरच्या अंगाला फुटल्यात. बाहिरून चेंडू लागला असता तर आत वळली असती की."

सर गोलपाशी गेले. वाकून पाहिलं. टोक चिमटीत घेऊन ओढलं, ते कापसासारखं सुटलं.

"हे ताण्याचं न्हाय."

"न्हाय. फाशाचं लागलंय. चूक माजी हाय."

बाजूने कुणीतरी ओरडलं, "मावशी, जाळं विणलं का शेवया वळल्या?" हसणारे हसले.

"गोल होता, मावशी," सर हळू म्हणाले. "पण किक झाली, खेळ परत चालू झाला. आता मलाबी बदलता येत न्हाय. नियम हाय."

विठाबाईने मान हलवली. "नियम हाय तर हाय," ती म्हणाली, आणि आली तशी रेषेबाहेर गेली.

सामना बरोबरीत सुटला. आता पाच-पाच पेनल्टी. पलीकडे तोंडावर ऊन होतं, म्हणून हाच गोल ठरला. सर म्हणाले, "आधी ते भोक बुजवा." दोरी कुणाकडेच नव्हती. विठाबाईजवळ कातर होती. कातरीने भोक बुजत नाही.

"मी धरते की," ती म्हणाली.

आणि जाळ्यामागे मांडी घालून तिने दोन्ही तळवे भोकावर लावले. सरांनी क्षणभर विचार केला. नियमांच्या पुस्तकात याला मनाई नाही. लिहिणाऱ्यांना हे सुचलं नसावं.

नवप्रकाशचे पाचांपैकी तीन गेले. वेशीचे चारांत तीन. शेवटची किक उरली, आणि ती मारायला खुद्द मुन्नू आला. चेंडू ठेवण्याआधी तो जाळ्यापाशी गेला.

"खाला, हाथ हटाव. उधरच मारनेवाला हूँ मैं."

"मार की. तू मार, मी धरते."

"लगेगा, खाला."

"लागू दे."

नवप्रकाशच्या गोलकीपरने हे सगळं ऐकलं, आणि हा डाव आहे असं समजून दुसऱ्या बाजूला झेप घ्यायचं ठरवलं. मुन्नू खरं बोलतोय हे फक्त विठाबाईला कळलं होतं.

मुन्नू मागे सरकला. प्रेक्षकांतून दबक्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "मावशी, हात सोड." मग आणखी एकाने. बावीस वर्षं, एक चषक आणि तीन घरांचं भोक. सर या वेळी खांबाजवळच उभे होते, हात सोडून फार काही साधलं नसतं, हे खरं. पण ज्यांनी तिचा चेहरा पाहिला ते सांगतात, की सर सोलापुरातही नसते तरी ते तळवे हलले नसते. वाऱ्याने पदर डोक्यावरून खाली आला, तोही तिने सावरला नाही.

चेंडू आला तो नेमका तिथंच. तळहातांवर आपटल्याचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला. चेंडू जाळ्यातच खाली पडला आणि तिथंच राहिला.

"गोल," विठाबाई म्हणाली. सरांची शिट्टी त्यानंतर वाजली.

वेशीची पोरं नाचत सुटली. मुन्नू नाचला नाही. तो जाळ्याला वळसा घालून मागे आला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिचा उजवा हात उलटसुलट करून पाहू लागला. यशपाल पाणी घेऊन आला.

"मावशी, आज तरी जेव," यशपाल म्हणाला.

"हरलोय की आपण," ती म्हणाली, आणि डाव्या हाताने जाळं सोडवायला लागली.

सोमवारी ती वेळेवर कारखान्यात टेबलाशी होती. उजव्या हाताची सुजलेली दोन बोटं एकमेकांना घट्ट बांधलेली, ताण्याच्या सुताने. उरलेल्या बोटांनी तिने दुपारपर्यंत अकरा टॉवेल बाजूला टाकले.