नंबर एकसष्ट

सायन्सच्या वर्गात साठ मुलं होती. हजेरी साठपर्यंत चालायची. मग मागच्या बाकावरून आवाज यायचा, "सिक्स्टी वन. प्रेझेंट, सर."

वर्ग हसायचा. फर्नांडिस सर हजेरीपट मिटून शिकवायला लागायचे.

हे मी लाकडी पार्टिशनच्या अलीकडून, आर्ट्सच्या वर्गातून ऐकायचे. तो आवाज माझ्या मैत्रिणीचा होता, चंद्रावतीचा. ही धिटाई तिच्यात आली कुठून, ते मला तेव्हा कळलं नाही. मराठी घेऊन बी. ए. झाले, तरी अजून कळलेलं नाही.

१९८७ चा जून. गोवा राज्य होऊन महिनाही झाला नव्हता. आम्ही दोघी पेडण्यातल्या मराठी शाळेतून दहावी झालेल्या. ती मांद्र्याची, मी हरमलची. रोज चोपड्याहून फेरीबोटीनं नदी ओलांडून सिस्टरांच्या हायर सेकंडरीत जायचो. चंद्राला गणितात अठ्ठ्याऐंशी, विज्ञानात चौऱ्याऐंशी. इंग्रजीत सत्तेचाळीस. सायन्सला इंग्रजीत साठ हवेत, असा तिथला नियम. प्रिन्सिपल सिस्टर एर्मेलिंडांनी तिचं नाव आर्ट्सला घातलं. नंबर चौदा.

"मराठी मीडियमच्या मुली सायन्समध्ये रडतात," सिस्टर म्हणाल्या.

"मग थंयच रडतलें, सिस्टर," चंद्रा म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती जाऊन सायन्सच्या मागच्या बाकावर बसली.

एका सोमवारी सरांनी पुस्तकातलं गणित घातलं. नदी ताशी चार किलोमीटर वाहते. होडी ताशी आठ जाते. नेमकं समोरच्या काठाला लागायचं, तर होडीचं तोंड कुठं ठेवायचं?

साठांतलं कुणी उठलं नाही. एकसष्ट उठली.

"सर, भरती काय सुकती?"

हशा. "पुस्तकातली नदी एकाच बाजूला वाहते," सर म्हणाले.

"आमची वाहत नाही, सर." ती फळ्याकडे गेली. तिचे वडील, बाबलीकाका, त्याच फेरीबोटीवर दोर बांधायच्या कामाला होते. तिनं खडूनं बाण काढले. पाणी येतं तिकडं तोंड वळवायचं, तीस अंश. चोपड्याहून निघालं तर सुकतीला, म्हणजे ओहोटीला, डावीकडे, भरतीला उजवीकडे. सगळं कोंकणीतून सांगितलं.

नेमक्या तेव्हाच सिस्टर दारात आल्या. "इंग्लिश, प्लीज."

"सिस्टर, हल्लींच राजभास जाली न्हय ही?"

त्याच फेब्रुवारीत कोंकणी गोव्याची राजभाषा झाली होती. 

"तू चौदा नंबर," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "तुझा वर्ग बाजूला. नऊ दिवस गैरहजर आहेस. पंधरा झाले की नाव कापणार."

म्हणजे सायन्समध्ये नाव नाही आणि आर्ट्समधलंही जाणार. वर्ष घरात. मी दिवस मोजायला लागले. तिनं नाही मोजले.

चौदाव्या दिवशी आमच्या वर्गात 'फोर्टीन' पुकारलं आणि मी मान खाली घालून म्हणाले, "प्रेझेंट."

संध्याकाळी फेरीबोटीवर मी तिला मोठ्या आनंदानं सांगितलं. तिचा चेहरा बदलला.

"कोणी सांगिल्लें तुका?"

"अगो, नाव कापलं तर?"

"कापूं दी. हांव थंय नाशिल्लें, सुलू. नव्हतेच मी तिथं. सायन्समध्ये नाव नाही, पण मी आहे. तेवढंच खरं माझ्या हातात आहे. त्यात तू खोटं घातलंस."

पलीकडचा धक्का येईपर्यंत ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. बाबलीकाकांनी खांबाला दोर टाकला. "कितें गो, झगडलीं?" 

सकाळी ती मला घेऊनच ऑफिसात गेली. "सिस्टर, काल चौदा नंबर गैरहजर होता. हजेरी दुरुस्त करा."

सिस्टरांनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.  त्यांनी आमच्या वर्गाचा हजेरीपट मागवला. कालची खूण खोडली.

"आज पंधरावा. आता जाऊन आर्ट्समध्ये बस, म्हणजे मिटलं."

"ना, सिस्टर."

लाल शाईनं नाव कापलं गेलं. "आता तू कुठंच नाहीस."

"मागच्या बाकार आसां," चंद्रा म्हणाली आणि गेली.

मी वर्गात येऊन पार्टिशनला कान लावला. सरांनी साठपर्यंत हजेरी घेतली. मागच्या बाकावरून आवाज आला नाही. पहिल्यांदाच. मला वाटलं, संपलं.

मग सरांचा आवाज आला. "सिक्स्टी वन?"

"प्रेझेंट, सर."

कुणी हसलं नाही. मग दारातून सिस्टरांचा आवाज. "मिस्टर फर्नांडिस, लॅबमध्ये साठच जागा आहेत."

"प्रॅक्टिकल उभं राहूनच करतात, सिस्टर," चंद्रा म्हणाली.

 नंतर कळलं, सिस्टरांनी सरांच्या हातातून हजेरीपट घेतला होता आणि साठाच्या खाली स्वतःच्या अक्षरात तिचं नाव लिहिलं होतं.

"पहिल्या चाचणीत इंग्रजीत नापास झालीस, तर?"

"तर परत कापा."

तिला एकेचाळीस मिळाले. पास पस्तीसला होतं.

आता ती डिचोलीत फिजिक्स शिकवते. सिस्टरांविषयी कधी वाईट बोलत नाही. माझं ते एक 'प्रेझेंट' मात्र अजून ऐकवते.