शंभर टक्क्यांचा फळा

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. आमच्या डोंबिवलीच्या चाळीत शाळांची तुलना हा पुरुषमंडळींचा रविवारचा उद्योग होता. बायका स्थळं बघत, पुरुष शाळा बघत, आणि खोट काढण्यात कुणीच कुणाला हार जात नसे. कल्याणची एक शाळा जुनी आणि नावाजलेली, पण तिथले मास्तर म्हणे पोरांना छडी दाखवतात, मारत नाहीत. तेवढ्यावरून ती बाद. ठाण्याची एक मात्र सगळ्यांच्या तोंडी. आणि गावातलीच शाळा? ती भाताच्या गिरणीशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला. गिरणी सुरू झाली की मास्तरांचे नुसते ओठ हलताना दिसत. मॅट्रिकला तिथली निम्मी मुलं गळायची. वडील तिला 'कोंड्याची शाळा' म्हणत आणि स्वतःच खो खो हसत.

दादाला त्यांनी ठाण्यात घातलं ते तिथल्या फळ्यामुळे. फाटकातून आत शिरलं की समोरच तो होता. त्यावर पांढऱ्या तैलरंगात लिहिलेलं : मॅट्रिकचा निकाल शंभर टक्के. वर्ष तेवढं दरसाल बदलायचं, शंभर तसेच. गावाहून पाहुणे आले की वडील त्यांना ठाणं दाखवायला नेत. तलाव, देऊळ आणि हा फळा. माझ्या एका आत्याने तर चपला काढून त्याला नमस्कार केला होता.

दादा हुशार नव्हता, पण ढही नव्हता. बीजगणित तेवढं त्याच्या डोक्यावरून जायचं. वडील लवकरच निवृत्त होणार होते. मुलगा मॅट्रिक झाला की जूनमध्ये चिकटवून घेतो, असा शब्द त्यांच्या कचेरीतल्या साहेबांनी दिला होता. सगळं घर त्या जूनकडे डोळे लावून बसलं होतं.

जानेवारीतल्या एका दुपारी दादा अवेळी घरी आला. टोपी खुंटीला अडकवली आणि भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "मला मॅट्रिकला बसवत नाहीत. प्रिलिमला गणितात गेलो."

"बसवत नाहीत म्हणजे काय रे?" आईने विचारलं. परीक्षेत मुलं नापास होतात हे मला ठाऊक होतं. परीक्षेलाच बसू देत नाहीत, असं काही असतं हे माझ्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वडील दादाला घेऊन ठाण्याला निघाले, तेव्हा आईने मलाही पुढे केलं. "हिलाही न्या. पोरगी बरोबर असली की तुमचा आवाज चढत नाही." मी तेव्हा लोकल बोर्डाच्या शाळेत सातवीत होते आणि माझा हा उपयोग घरात सर्वमान्य होता.

ठाण्याचे हेडमास्तर अगदी सभ्य. आम्हाला बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"त्याला बसू तर द्या," वडील म्हणाले. "पडला तर पडला."

"तो पडला तर आमचा निकाल पडतो."

"तुमचा निकाल मला पाठ आहे, साहेब. शंभर टक्के."

"मग तो कसा लागतो हेही माहीत असेल." त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता. "काही मुलांना आम्ही दरवर्षी थांबवतो. जी नक्की पास होणार, तीच पाठवतो. पालकांनाही तेच हवं असतं. खरं सांगा, तुम्ही काय बघून याला इथे घातलंत?"

वडिलांचा आवाज चढायचा प्रश्नच उरला नाही, मी उगाच आले होते. दादा टेबलाच्या कडेकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. मी हबकूनच गेले. त्याच्यासारख्यांना वगळून रंगवलेला तो फळा तो रोज ओलांडत होता, आणि आम्ही पाहुण्यांना आणून तोच दाखवत होतो! यात चोरी नव्हती, कुणी लबाडीही म्हणणार नाही. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

बाहेर पडताना वडील फळ्यापाशी थांबले. "ही थांबवलेली पोरं जातात कुठे रे?" त्यांनी दादाला विचारलं.

"घरी," दादा म्हणाला.

जूनमध्ये कचेरीतली ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. वडील आम्हा दोघांना घेऊन कोंड्याच्या शाळेत गेले. दादाला पुन्हा अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात घालायचं होतं, मला आठवीत. तिथल्या हेडमास्तरांच्या टोपीवर गिरणीची धूळ बसली होती. वडिलांनी निकाल विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, "तुम्ही मॅट्रिकला किती मुलांना बसू देत नाही?"

हेडमास्तर बुचकळ्यात पडले. "बसू देत नाही म्हणजे? अकरावीपर्यंत आला तो बसणारच की. पुढचं बोर्ड बघून घेईल."

वडिलांनी तिथल्या तिथे आमची दोघांची नावं लिहून दिली. त्या निम्म्या निकालाचा अर्थ मलाही तिथे उभ्या उभ्या कळला, आणि इतकी वर्षं आम्ही कशाला हसत होतो तेही.

दादा पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या परीक्षेत पास झाला, पण त्याआधी मार्चमध्ये तो गणितात पुन्हा गेला होता. मार्चचा तो निकाल लागला त्या रविवारी शेजारचे काका गॅलरीतून ओरडले, "काय हो, तुमच्या कोंड्याच्या शाळेत यंदाही निम्मी गळाली ना!" नाव वडिलांनीच ठेवलेलं, तेव्हा तेही हसतील असं काकांना वाटलं असावं.

"गळाली," वडील म्हणाले. "त्यांत आमचा मुलगा आहे. ठाण्याच्या शंभरात तो कुठेच नव्हता."