छातीची तपासणी

लढाई संपली, तरी पाचगणीतल्या पोलिश लोकांचं घोंगडं भिजतच पडलं होतं. रशियानं त्यांना घरादारातून उचललेलं, आणि आता त्यांचं तिकडचं गाव परक्या राजवटीत, परतायची सोय नाही. एक देश म्हणे फक्त धडधाकट गडी घेणार, दुसरा फक्त ज्यांचं कुणी तिकडे आहे त्यांना. उरलेल्यांचं काय, ते दुसऱ्यानं बघावं. मी त्यांच्या आजाऱ्यांच्या बंगल्यात आया होते. रहिमतपूरची, नवरा लढाईत गेलेला. हे ऐकून माझं डोकं फिरायचं. आमच्याकडे रेशनचं धान्य, पण हे लोक आले तेव्हा बैलबाजारासारखे दात कुणी बघितले नव्हते.

त्यांतली एकोणीस वर्षांची एक पोरगी क्षयातून बरी झाली होती. आमची बोली शिकली होती, मला मावशी म्हणायची. भाऊ विलायतेत होता. तिनं आणि आईनं तिकडे जायचं ठरलं. छातीची तपासणी तेवढी उरली होती.

तपासणीच्या सकाळी तिच्या गालांवरची लाली बघून मला राहवेना. "समद्यांचा डोळा हाय तुज्यावर, बस हितं," म्हणत मी मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरवून शेगडीत टाकल्या. धूर तिच्या छातीत गेला. विलायती डॉक्टरपुढे उभी राहिली तरी खोकला थांबेना.

तिनं मिरच्यांचं सांगितलं. मुख्य नर्सबाई माझ्याकडे वळल्या. आजाऱ्यांच्या बंगल्यात धूर करायला सक्त मनाई होती. नोकरी गेली असती, आणि सासरी मला कोण पोसणार होतं?

"न्हाई बाई. म्या काय जाळलं न्हाई," मी म्हणाले.

डॉक्टरनं पोरीचा खोकला क्षयाचाच धरला आणि जाणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव काढलं. तिला पुन्हा क्षयाच्या खोलीत टाकलं, खोकणाऱ्या बायकांच्या मधोमध. मी चांडाळीण, रोज तिला दूध नेऊन द्यायची.

पुढची यादी पावसाळा सरल्यावर लागली. तोवर तिच्या थुंकीत खरंच रक्त यायला लागलं होतं. यादीत आईचं एकटीचं नाव होतं, आणि आई हलायला तयार नव्हती.

"मावशी, आईला सांग, तू जा म्हनून," पोरगी म्हणाली. "तिला म्हन, ही बरी हुतीया, मागनं येतीया. माजं न्हाई ऐकत, तुजं ऐकंल ती. तुज्यावर लय इस्वास हाय तिचा."

मी सांगितलं. आई गेली.